दसऱ्याच्या आत फियाट

३ सप्टेंबर

हात कापला. पुन्हा! मागच्या मडगार्डला नुसता अंगठा टेकवला, तर अंगठा आत. पत्रा नाही तो, पापड आहे. रागानं लाथ घातली, तर दाराखालची अख्खी पट्टी गळून पडली. ती उचलून शेडाबाहेर भिरकावली — आणि मग गवतात शिरून शोधत बसलो, कारण नवीन पट्टी कापायची तर मापाला जुनीच लागते. शेजारच्यांचं कुत्रं पुढचे पाय पसरून माझ्याकडं बघत होतं.

ओसरीवरनं आबा — "गाडी दुरुस्त करतूयास का तिच्यावर सूड उगवतूयास?"

पट्टी घेऊन शेडात शिरलो. उत्तर दिलं असतं तर आज रात्रीचं जेवण बाहेरच.

५ सप्टेंबर

हे का करतोय ते एकदा लिहून टाकतो. उद्या ठोकताना विसरलो तर इथं येऊन वाचीन.

रेश्मा. कराडला इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होतो. ती पास झाली, सांगलीला विश्रामबागेत घराजवळच नोकरीला लागली. मी तिसऱ्या वर्षातच त्या मास्तराच्या — सर म्हणणार नाही! — टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो तो पडलोच. आबा, म्हणजे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या लेखी मी मोर्चा सोडून पळालेला शिपाई. बोलतात ते टोमण्यातच.

उन्हाळ्यात रेश्माला म्हणालो, तुझ्या वडिलांना येऊन भेटतो. ती म्हणाली, "काय म्हणून भेटणार? हातात घेतलेलं एक तरी काम शेवटापर्यंत ने की. मग ये."

"नेतो! माझ्या हातानं केलेली गाडी घेऊनच येतो तुझ्या दारात!"

तोंडातनं निघून गेलं. डोळ्यासमोर हीच होती — उदयसिंह काकांची फियाट. काका गेले तेव्हापासून घरामागच्या शेडात सडतेय. इंजिन तेवढं ठणठणीत, कारण आबा दर रविवारी ते चालू करतात आणि भावाच्या जागेवर थोडा वेळ नुसते बसतात. गाडी इंचभर हलवत नाहीत.

दसऱ्याला सोनं द्यायला कुणाच्याही घरी जाता येतं. का आलास म्हणून कुणी विचारत नाही. म्हणजे दसऱ्याच्या आत गाडी, आणि दसऱ्याला सांगली. ठरलं.

९ सप्टेंबर

एमआयडीसीच्या रस्त्याला धनाजीचं डेंटिंगचं गॅरेज आहे. तो मला वेल्डिंग शिकवणार, बदल्यात मी त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या घासून द्यायच्या. आज पत्र्याच्या तुकड्यावर सरळ रेघ मारायला सांगितली. मी भोकं पाडली. एक बुजवायला गेलो की शेजारी दुसरं!

धनाजी पोट धरून हसला. "गड्या, डेंटिंग शिकायलायस का चाळणी करायलायस? दे हिकडं, च्या गाळतो."

वेल्डिंगची टॉर्च फेकून निघून आलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. परत गेलो. तो मावा चोळत तसाच बसला होता. "आलास? पोरीचं नाव काय हाय?"

"कसली पोरगी!"

"पत्र्यासाठी कुनी एवढं तापत न्हाई."

१४ सप्टेंबर

आज मॅट उचकटली आणि दिवस संपला.

पुढच्या दोन्ही सीटांखाली तळच नाही! नक्षी आहे नुसती. खालचं गवत दिसतं. धनाजीला बोलावून आणलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत गेला.

"सगळा तळ कापायचा, नवा पत्रा जोडायचा. दिवाळी जाईल. तुला दसरा पायजे का गाडी पायजे?"

"दसरा."

"मग सोपं हाय. पातळ पत्रा पसरू, कडंनं पुट्टी भरू, वरनं डांबरी रंग मारू. मॅटखाली डोकावून बघनारा अजून जन्माला यायचाय."

मागं आबा उभे. रविवार होता ना! "मंग तिला दुरुस्त केली म्हनू नगा."

"तुमी नका बघू! तुमाला कोण बघाय सांगितलंय?"

ते बसायला आले होते, न बसताच गेले. जाऊ देत. सगळं आयुष्य हुकूम देण्यात गेलं, आता ऐकणारा कुणी राहिला नाही तर माझ्यावर!

१९ सप्टेंबर

रेश्माचा फोन. पुण्याचं स्थळ आलंय. दसरा झाला की पंधरा तारखेला बघायला येणार.

"गाडीचं काय झालं?"

"झालीच."

"झाली, का व्हायचीय?"

"झाली म्हणतोय ना!"

मग फोटो पाठवला. उजव्या बाजूचा, लांबून, संध्याकाळच्या उजेडात. तिनं टाळ्यांचं चित्र पाठवलं. त्या टाळ्या बघून जास्तच राग आला. कुणाचा ते कळेना.

२४ सप्टेंबर

पुट्टी. घासणे. पुट्टी. घासणे. नाक शिंकरलं तरी पांढरं येतंय.

२९ सप्टेंबर

रंग! धनाजीचा कंप्रेसर टेम्पोत घालून शेडात आणला. दुधाच्या सायीचा रंग. डाव्या दारावर ओघळ आलेत, मागच्या बाजूला एक माशी कायमची चिकटलीय. पण बॉनेटमध्ये माझं तोंड दिसतंय! आई दोनदा पदर सावरत बघून गेली. धनाजी म्हणाला, "आठवडाभर हात लावू नगं. वरनं वाळतोय, आतनं वल्लाच ऱ्हातो."

आठवडा कुठनं आणू?

१ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. तलवार, कोयते, खुरपी, आईची विळी, सगळं धुऊन पाटावर. आमच्याकडं मोडकं काही पूजेत मांडत नाहीत. दांडा हलणारं खुरपंसुद्धा आबा बाजूला काढतात. ट्रॅक्टरला हार घालून झाला, तेव्हा आबा शेडाकडं बघत जरा वेळ थांबले. मग आईला म्हणाले, "तिला बी घाल."

तिला बी!  तसाच आपट्याची पानं आणायला पळालो.

परत येतो तर बॉनेटवर हे एवढं मोठं स्वस्तिक! ओल्या कुंकवाचं! आईनं बोटानं चेपून चेपून काढलेलं. वर नारळ फोडून ते पाणीही शिंपडलेलं. आतून ओला रंग, तो कुंकू पिऊन बसला. फडकं घेऊन धावलो तर आबा आडवे.

"पुजल्यालं हाय. उद्यापातूर हात लावायचा न्हाई."

"अहो डाग पडला की!"

"पडू दे."

मग मी आईवर ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहिणार नाही. शेजारचे गेटापर्यंत आले. आई एवढंच म्हणाली, "तुजं चांगलं व्हावं म्हनून काडलं रं." आणि आत जाऊन पुरणाला लागली. आबांनी हात उगारला नाही. उगारायला पाहिजे होता.

३ ऑक्टोबर

कालचं आज लिहितोय. काल पेन धरवला नसता.

कुंकू पुसलं गेलं. गुलाबी स्वस्तिक राहिलं. तसाच निघालो. महामार्गावर गाडी मस्त पळत होती, ट्रकवाले हॉर्न देऊन हात करत होते. कराडला पेट्रोल भरताना पंपावरच्या पोरानं स्वस्तिक बघून विचारलं, "आजच शोरूममधनं काढली काय?" सगळा पंप हसला. मीही हसलो. खरंच हसलो! कितीतरी दिवसांनी.

विश्रामबागेत पोचलो. रेश्माचे वडील आप्पासो फाटकातच होते. पाटबंधारे खात्यातून रिटायर, अंगानं चांगले भरदार. दसऱ्याचा पांढराशुभ्र लेंगा-सदरा. सोनं दिलं, पाया पडलो. "ये ये, कराडचा ना तू? रेश्मा, अगं तुझा वर्गातला आलाय!" रेश्मा बाहेर आली. निळी साडी. मी तिच्याकडं बघायच्या आत आप्पासो गाडीकडं गेलेले.

"अरे, माझ्या लग्नात हीच होती की! ह्याच रंगाची! बसू का रे?"

नको म्हणायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं. त्यांनी माझ्या शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि लग्नातल्या नवरदेवासारखे धपकन बसले.

कर्रर्र. सीटचा पाय खाली गेला. मागोमाग सीट गेली. आप्पासो एका कुशीवर कलंडले आणि त्यांचा एक पाय चपलेसकट तळातून रस्त्यावर.

"रेश्मा! ओढ मला! बघता काय, ओढा!"

शेजारच्या गच्चीवर पोरं जमली. आम्ही दोघांनी ओढून काढलं. लेंगा डांबरानं काळा, नडगीला खरचटलेलं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो. रेश्मा हसली नाही. वाकून तिनं मॅट उचलली. पुट्टीची खपली हातात घेतली, दाबली. भुगा झाला.

"हे काय आहे?"

"तळ."

"मला म्हणालास झाली."

"झालीच होती! वडिलांनी एवढं धपकन बसायचं काय कारण?"

म्हणालो. हे मी म्हणालो! त्यांच्या दारात, त्यांच्या नडगीतनं रक्त येत असताना.

ती हळू बोलली. "वीर, झाली नाही म्हणाला असतास तर मी थांबले असते."

"तू थांबशील! तुझं ते पुण्याचं स्थळ थांबणार आहे काय?"

 आप्पासो लेंगा पुसायचे थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं, मग परत माझ्याकडं.

"म्हणजे तुम्ही सोनं द्यायला नाही आलात."

'तू'चं 'तुम्ही' झालं. एवढा चांगला माणूस. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मोडकी सीट मागं टाकून परत आलो. कराड कधी गेलं कळलं नाही. शेजारच्या भोकातून रस्ता पळताना दिसत होता.

४ ऑक्टोबर

आज हाताला लागेल ते फोडीन. म्हणून शेडात गेलो नाही.

६ ऑक्टोबर

धनाजीच्या गॅरेजात जाऊन त्याची कॉलर धरली, सांगलीत काय झालं ते ओरडून सांगितलं. "तू म्हणालास! मॅटखाली कोण बघतंय म्हणालास!"

"मी म्हनलो. खरं हाय." कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही त्यानं. "पन मी आदी काय इचारलं हुतं? दसरा का गाडी? तू काय बोललास? सांग की. सगळ्या गॅरेजाला ऐकू दे."

गॅरेजात सगळे हातातली कामं थांबवून ऐकत होते. मी कॉलर सोडली.

"सासऱ्याला लई लागलं काय रं?"

"सासरा नाही तो!"

"बरं बरं. त्यो ग्राइंडर घे आन् जा. आदी सगळं कुजल्यालं काड. निम्मं ठिवायचं न्हाई."

कापलं. दुपारपासून नुसतं कापलं. जिथं चांगला पत्रा लागेल तिथं थांबायचं ठरवलं होतं. थांबलो तेव्हा मधल्या कण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

आईनं शेडातच चहा आणून दिला.   कप मी धुऊन ठेवला.

१२ ऑक्टोबर

रविवार. आबा किल्ली घेऊन आले. गाडीला तळ नाही, सीट नाही, बसणार कुठं? दारातनं आत बघत उभे राहिले. मला वाटलं आता येणार — तुज्यानं काय हुतंय, माज्या भावाची गाडी खाल्लीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं. जळजळीत.

त्यांनी किल्ली खिशात घातली, चप्पल काढली आणि नव्या पत्र्याचं दुसरं टोक उचललं.

"वर. अजून वर. माज्याकडं सरकव. हां. मार."

दुपारपर्यंत एवढंच बोलले. माझा वेल्डिंगचा टाका वाकडा पडला, तर म्हणाले, "काड. परत मार." मी काढला. परत मारला. चिडायला सवड मिळाली नाही.

१३ ऑक्टोबर

रेश्माला फोटो पाठवला. आतून काढलेला. खाली गवत, मधे आबांच्या चपला. लिहिलं — "झाली नाही. दिवाळीलाही होणार नाही. कधी होईल ते माहीत नाही. आप्पांची नडगी कशी आहे?"

तिनं वाचलं. उत्तर नाही.

नसू दे उत्तर! मी काय उत्तरासाठी पाठवला? हो. उत्तरासाठीच पाठवला.

१५ ऑक्टोबर

पुण्याचे लोक आज विश्रामबागेत. कांदेपोहे खाल्ले असतील. पोरगा कंपनीत आहे म्हणे, शिक्षण पूर्ण, गाडी नवी, तळ शाबूत.

धनाजीनं ग्राइंडर हातात दिला नाही. "आज न्हाई. आज तू नुसता पॉलिश पेपर मार." बोटांची सालटी निघेपर्यंत मारला.

१७ ऑक्टोबर

घाईत लिहितोय. रेश्माचा फोन, एसटीतून. "कराड सोडलं. तुझं 'झाली नाही' वाचलं आणि त्या लोकांना मीच नाही म्हणून कळवलं. बाबा ओरडले, मीपण ओरडले. बॅग घेऊन निघालेय. स्टँडवर ये. घरात कुणाला सांगू नकोस."

गाडीला अजून निम्माच तळ आहे.  काय करावं सुचेना. सरळ ओसरीवर गेलो आणि आबांना सगळं सांगितलं.

ते उठले. खुंटीवरचा सदरा काढला. "रिक्षा बघ. तिच्या बाला फोन लाव, मी बोलतो. आईला म्हनावं, पोरगी येतीया, जेवायला धर. आन् तू आदी तोंड धू."