सात नंबरचे जास्तीचे शंभर वॅट

३ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस. फरश्यांचा कारखाना, राहायला दोन हवेशीर खोल्या. ही आल्या आल्या खिडकीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की इथे तरी जीव गुदमरणार नाही. हिला बारा महिने उकडतं. थंडीत पांघरूण लाथाडते, आणि मी माझे गार पाय हिच्या पोटऱ्यांना लावून खुशाल झोपतो.

कारखान्यात बारा कंट्रोल पॅनेल आहेत, म्हणजे यंत्रं चालवणारी विजेची लोखंडी कपाटं. कुठलं किती तापतं ते मोजायचं आणि गार ठेवायला काय बसवायचं ते ठरवायचं, एवढंच माझं काम.

६ मार्च
अकरा पॅनेल हातावेगळी केली. हवा स्वच्छ तिथे पंखा आणि फिल्टर. भट्टीजवळ हवाच तापलेली, वर मातीची धूळ, म्हणून तिथे पॅनेलचा एसी. सात नंबर मात्र हिशेबात बसेना. आतल्या सामानाचे सहाशे वॅट, आणि मोजमाप दर वेळी सातशे. म्हातारे वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले की ते शंभर पहिल्यापासून आहेत. आधीचे साहेब नोंदवहीतला 'उष्णता कशाची' हा रकाना मोकळा सोडायचे, तुम्हीही सोडा.

७ मार्च
रकाना मोकळा सोडणं माझ्या स्वभावात नाही. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता निघते हे आठवलं आणि लहर आली. वहीतल्या त्या रकान्यात लिहून टाकलं: माझी बायको. जेवताना हिला सांगितलं तर हसता हसता हिला ठसका लागला.

मामा हसले नाहीत. इथे खाडाखोड करत नाहीत म्हणाले, चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची. मग माझ्याकडे न बघताच निघून गेले. विचित्र माणूस.

९ मार्च
सात नंबरवर एसी बसवला. संध्याकाळी ही स्वेटर शोधत होती. मी चिडवलं.

११ मार्च
हिला हुडहुडी भरली आहे. अंगाचं तापमान पस्तीस. डॉक्टर म्हणतात, तपासण्यांत काही नाही. तिकडे पॅनेल गार होईना, म्हणून दुपारी दुप्पट ताकदीचा एसी लावला.

१२ मार्च
चौतीस. हातात कप धरवत नाही. हिच्या बहिणीला बोलावून घेतलं.

१३ मार्च
सात नंबरची वीज सकाळपासून तोडून ठेवली. दुपारी दार उघडलं. सामान थंडगार, आणि आतली हवा सदतीस. हिच्या केसांच्या तेलाचा वास आला. मी कपाटात हात घातला आणि—

एसी उपटून टाकला. घरी फोन केला. मेहुणी म्हणाली, तेहतीस.

१४ मार्च
ओळ खोडली. पान फाडलं. भट्टीत टाकलं.
वही उघडली. पान जागेवर. ओळ जशीच्या तशी.
माझ्या थट्टेपायी. माझ्याच अक्षरात. देवा, तिनं काय केलं होतं?
मामांचे पाय धरले. ते रडले.

१५ मार्च
बत्तीस. मला ओळखत नाही.
चुकलं तर खाली नवी ओळ. मामाच म्हणाले होते.
लिहिली: माझी बायको नाही. मी.
घ्या मला. तिला सोडा.

तीन वाजता
बोटं बधिर. भट्टीला टेकून बसलोय तरी दात वाजतात. म्हणजे जमलं. आता तिकडे ती—

फोन आला. मेहुणी रडतेय. एकतीस.

पॅनेल पुन्हा मोजलं. जास्तीचे— शंभरच असायला हवेत. माझे शंभर. फक्त माझे—

दोनशे.

बदली नाही झाली. बेरीज—

मामा, तिची ओळ कशीही करून— पेन धरव—