एका बुंध्यावरची पाच फळं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय लिंबू-संत्र्याची कलमी रोपं तयार करणे, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. मरायची घाई नाही. पण क्रमांक चारचा मजकूर धाकट्या भावाने वाचल्याशिवाय मला जायचं नाही, म्हणून हा खटाटोप.

१. घर, रोपवाटिका, विहीर आणि मोटार मुलीला. ती गेली अठरा वर्षं हे सगळं सांभाळते आहे, त्यामुळे हा फक्त कागद. बँकेत जे असेल ते मुलाला. तो "आई, मला काही नको गं," असं तीनदा म्हणेल. चौथ्यांदा विचारावं.

२. अंगणातलं झाड कुणी तोडू नये. त्याच्या एकाच बुंध्यावर मी पाच जातींची कलमं केली आहेत. फांद्यांची वाटणी अशी :

मोसंबी मुलाला. गोड, आंबटपणा नावालाही नाही. तोही तसाच, भांडण नको म्हणून दोन्हीकडे मान डोलावतो. गोडीला मी नावं ठेवत नाही, पण कधीतरी कुणाला नाही म्हणून बघ, बाळा.

संत्रं दोन्ही नातींना. साल सैल असते, नखानेसुद्धा सुटते आणि फोडी मोजून वाटता येतात. भांडायला जागा राहत नाही.

पपनस सुनेला. साल बोटभर जाड, ती काढेपर्यंत माणूस दमतो, मग आत गुलाबी गर लागतो. आमचं पहिली तीन वर्षं पटलं नाही. आता तिच्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

कागदी लिंबू शेजारच्या मास्तरांना. पातळ साल, रस भरपूर, फांदीला काटे. गेली वीस वर्षं ते भिंतीवरून हात घालतात आणि "पडलेलं उचललं" म्हणतात. आता हक्काने तोडावीत. काट्यांना मी जबाबदार नाही.

महाळुंग मुलीला. रस जेमतेम, सगळा मोठेपणा सालीचा, पण एक फळ कपाटात ठेवलं तर कपडे महिनाभर घमघमतात.

खालचा खुंट जंबुरीचा आहे. तिचं आंबट, खडबडीत फळ कुणी तोंडात धरत नाही, पण मुळं तिचीच. ती कुणालाही देत नाही.

३. कात्र्या, झाऱ्या, करवत मुलीला. बाबांचा कलमाचा चाकू यात धरलेला नाही.

४. सेहेचाळीस वर्षांपूर्वी बाबांच्या रोपवाटिकेकडे संत्र्याच्या तीनशे रोपांची मागणी आली. जंबुरीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे धाकट्या भावाने भरले. डोळा म्हणजे सालीसकट काढलेली कळी. ती खुंटात बसवून पट्टीने बांधायची. पुढचं काम माझं. डोळ्याखाली जंबुरीची फूट आली की ती दर आठवड्याला खुडायची, नाहीतर ती डोळ्याला मारते. पट्ट्या सोडल्यानंतरचे दोन महिने मी टेम्पोवाल्याबरोबर, म्हणजे पुढे माझा नवरा झालेल्या गृहस्थांबरोबर, हिंडत होते. भानावर आले तेव्हा जंबुरी कमरेला लागली होती आणि डोळे वाळून गेले होते. मी वाळके डोळे छाटले, फुटी सरळ बांधल्या आणि रोपं संत्री म्हणून जाऊ दिली.

पाच वर्षांनी गिऱ्हाइकाने पोतंभर जंबुऱ्या आमच्या पडवीत ओतल्या. बाबा एवढंच म्हणाले, "डोळे धरलेच नव्हते." सगळ्यांनी धाकट्याच्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. रात्री त्याने मला विचारलं, "ताई, माझं कुठं चुकलं असेल गं?" मी म्हटलं, "होतं असं कधीकधी." त्याने बाबांचा चाकू खिळ्याला अडकवला, टपाल खात्यात लागला आणि पुन्हा कधी झाडाला हात लावला नाही.

तर लिहून ठेवते. पट्ट्या सोडल्या त्या दिवशी मी मोजले होते. तीनशेपैकी दोनशे एक्याण्णव डोळे हिरवे होते. एवढे बाबांचेही कधी धरले नाहीत. त्याच्या हातांचं काही चुकलं नव्हतं. मी गप्प बसले आणि वर सुखाने संसार केला. मला याची लाज वाटते.

५. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही आणि त्याने मजकूर वाचायचीही गरज नसते. पहिलं मान्य, दुसरं अमान्य. धाकट्याने सगळं वाचूनच सही करावी. त्याच्या नावे काही ठेवत नाही. चाकू आज माझ्या हाताने टेबलावर ठेवला आहे. घ्यायचा की नाही ते त्याने ठरवावं. अंगणातल्या झाडाला खालून जंबुरी फुटली आहे आणि मला आता वाकवत नाही.

बाकी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. खूप झाडं लावली, बहुतेक गोड निघाली.

स्थळ : माझ्या घराची पडवी
दिनांक : आठ मार्च, सकाळी अकरा
सही : (केली आहे)

साक्षीदार १. आमच्या डॉक्टरीणबाई. "बाई शुद्धीत आहेत. जरा जास्तच."

साक्षीदार २. धाकटा भाऊ, निवृत्त टपाल कारकून. "पूर्ण वाचले. क्रमांक चार दोनदा वाचले. ताई, हा आकडा तू तेव्हाच सांगायला हवा होतास. मी आज तुझ्याशी बोलणार नाही. चाकू घेतला आहे, धार पार गेली आहे. रविवारी येतो, फूट खुडायला."