दारात बसायला माणूस हवं

भिंत नाही, कुलूप नाही, म्हणून पाहुण्यांसाठी बांधलेल्या माझ्या चारही झोपड्या, माझे फाले, या मोसमात रिकामे! खांब आहेत, छप्पर आहे, चटई आहे, समोर समुद्र आहे. आणखी काय हवं मेल्यांना? तर शेजारी तुझ्या भावानं, सेमीसीनं, बांधलेलं ते गारेगार खोकं हवं. फोनवरून ठरवायचं, दाराचे आकडे दाबायचे नि आत शिरायचं. घरच्यांचं तोंडसुद्धा बघायला नको.

प्रिय वाइओला,

आता नीट बसून वाच.

सेमीसीनं मला सांगूनच टाकलं होतं, आजी, नाताळानंतर तुझे फाले पाडतो, तिथं माझं दुसरं घर उभं राहील. मी म्हटलं, आधी मला पाड. हा स्वतः तिकडे शहरात, आपियात, बायकोच्या माहेरी लोळतो, इकडे घर सांभाळतो त्याचा फोन. त्या फोनला शंख थोडाच ऐकू येतो! गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला, सारं गाव घराघरांत मान खाली घालून बसलं, आणि सेमीसीचं पाहुणं जोडपं पोहण्याच्या चिंध्यांत भर रस्त्यातून गात चाललंय! पहाऱ्यावरच्या पोरांनी अडवलं तर हे हसून हात हलवतात. त्यांना सांगणार कोण होतं? मी ओढून माझ्या फालेत आणलं, अंगावर लावालावाची लुंगी गुंडाळली, ताटात तारोचा उकडलेला कंद वाढला. बाई आधी रडली, मग दोनदा मागून जेवली.

पाहुणा चुकला की दंड घरच्यांना, हे का तुला सांगायला हवं? गावच्या प्रमुखांनी, मताई मंडळींनी, सेमीसीला बोलावून विचारलं, यजमान कोण? गाढवानं फोन दाखवला! त्यांतला म्हातारा तुइलोमा इतका हसला की कवळी निसटली. ती परत बसवून त्यानं दंड ठोकला, एक मोठं डुक्कर. वर गावाचा हुकूम: घरचं माणूस पाहुण्यांशेजारी झोपत नसेल, तर त्या घरात पाहुणा नाही.

मग साहेब धावत कुणाकडे आले? आजी गं, तू बस ना दारात! मी म्हटलं, फालेंना हात लावायचा नाही, तुझे पाहुणे माझ्या चटईवर जेवतील, आणि यजमान कोण ते मी ठरवणार. मुकाट्यानं हो म्हणाला. मताईंसमोर म्हणाला, आता फिरायची सोय नाही. त्या रात्री मला आनंदानं झोप नाही.

पण पोरी, शंख हल्ली मलाही फुंकणाऱ्याचे गाल फुगलेले दिसले तरच कळतो. आणि तू तिकडे ऑकलंडच्या हॉटेलात ज्यांची तोंडं बघितली नाहीत त्यांच्या चादरी ताणतेस. मी यजमान ठरवलीय, ती तू. फणसाखालचा फाले तुझ्यासाठी झाडून ठेवलाय. उत्तर तूच द्यायचं, तुझ्या हातानं. आईला लिहू देऊ नकोस, ती सगळ्यालाच ‘बघू’ म्हणते.

तुझीच आजी,
पेलेनीसे