मामंजी, तुमची व्ही.पी. सोडवली

ती. मामंजींना नमस्कार,

आज डाकिया तुमच्या नावाची व्ही.पी. घेऊन आला, पैसे मोजा नि पाकीट घ्या म्हणून. आत जाहिरातीचं एकच जुनं कार्ड. कार्डाचे साठ, टपालाचे नऊ, एकूण एकोणसत्तर रुपये. त्या पुण्याच्या रद्दीवाल्याला तुम्ही गेल्याचं कोण कळवणार? परतच पाठवणार होते, पण हात धजेना. भाजीच्या पैशांतून सोडवून घेतली. गेल्यावरही खर्च करवता हं तुम्ही!

कार्डावर नाटकगृहाचं चित्र आहे, दाराशी बग्ग्या, पगडीवाले लोक. खाली तुमच्या आईंच्या खाणावळीची जाहिरात: ‘खेळ सुटल्यावर गरम जेवण. नट व प्रेक्षक, एकच पंगत.’

किती वर्षं वाद घातला आपण! सोवळ्यात रांधणारी विधवा बाई नाटकवाल्यांना सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसवेल, हे मला पटायचंच नाही. तुम्ही म्हणायचात, कार्ड सापडू दे, मग बोल. आणि तुमच्या दोस्ताला, खानसाहेबांना, घेऊन नक्खासच्या जुन्या बाजारात हिंडायचात. अहो, पुण्याचं कार्ड लखनौत कसं सापडेल?

मिनूला दाखवलं तर म्हणते, “आजोबा झूठ थोड़े ही बोलते थे.”

गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध. तुमच्या सगळ्या कार्डांना फ्रेमा करणारे खानसाहेब परवा दाराशी येऊन म्हणाले, “बहू, हम बरामदे में बैठ लेंगे. आदत है.” तेव्हा मी बरं म्हटलं. कार्ड वाचल्यापासून मात्र ते ‘आदत है’ कानातून जात नाही.

ह्यांना सांगितलं, खानसाहेब आत, पंगतीत बसतील. हे म्हणाले, गुरुजी उठून जातील. म्हटलं, जाऊ देत. गुरुजींचं ताट झाकून तेलीबागेत घरपोच पाठवीन.

सोवळं मी सोडलेलं नाही, बरं का. पहाटे न्हाऊन खीर, वडे, आमटी, सगळं सोवळ्यातच होईल. पण पंगत एकच. तुमच्या आईंना जमलं ते मलाही जमेल. देवासमोर तसा शब्द देऊन बसले आहे.

एवढंच कार्डावर नाही, की आई वाढायला सुरुवात कोणापासून करायच्या? उलट टपाली कळवा. नाही कळवलंत, तर खानसाहेबांपासून करीन.

तुमची सून,
सुमन