तांब्यावरचा पेला

प्रिय हर्षाली,

तू समोरच्या किनाऱ्यावर चपला हातात घेऊन चालते आहेस आणि मी तंबूच्या ओट्यावर बसून तुलाच पत्र लिहीत आहे, हे तुला चमत्कारिक वाटेल. परंतु काही गोष्टी मला समोरासमोर नीट बोलता येत नाहीत, हे तू जाणतेस. पाटबंधारे खात्यात सारी हयात टिपणे लिहिण्यात गेली. कागदावर उतरते तेच मला खरे वाटते.

गुहागरच्या अलीकडे, समुद्राकाठच्या एका बागेत 'ग्लॅम्पिंग' करायचे, म्हणजे सुखसोयींच्या तंबूत राहायचे, असे तू उमरग्याला जाहीर केलेस तेव्हा मी नाराज झालो होतो. तुझ्या बिभीषणमामाने तर फोनवर माझी यथेच्छ टर उडवली: "दाजी, पक्कं घर सोडून, पैसे देऊन पालात राहायलाव व्हय? आमच्या वावरात या की, फुकट पाल ठोकून देतो!" येथे आल्यावर मात्र पाहतो तो पालातही गादी, पंखा आणि न्हाणीघर. भोवती सुरूची झाडे, आणि शेजार म्हणावा असा फक्त तुझा तंबू. मामाला हे सांगू नकोस. मला ते आवडले.

तुझ्या आईचा तांब्या-पेला तू जन्मापासून पाहिला आहेस. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आपल्याकडे अनेकांना ही सवय जडली. निजताना उशाशी तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या बुडावर पेला ठेवायचा. जमीन हलली की पेला खणकन पडावा आणि माणसांनी बाहेर धावावे. पुढे उमरग्याचे घर मी स्वतः नकाशा काढून, भिंतींत काँक्रीटच्या पट्ट्या घालून बांधले. तरी ती पेला ठेवीतच राहिली. मी चिडलो की म्हणे, "तुमच्या घरावर इस्वास हाय वो. भुईचं काय सांगावं?" ती गेल्यावर पेला मी ठेवू लागलो. हायवेवरून अवजड ट्रक गेला की तो थरथरतो, मी उठून बसतो आणि शेजारच्या खोलीतून तू दिवा लावून येतेस: "काय नाही अण्णा, ट्रक गेला. पडा तुम्ही." आठ महिने हेच चालले आहे. तेराव्यानंतर चार दिवस राहते म्हणालीस, ती नाशिकला परत गेलीच नाहीस. कृष्णरावांनी जावई असूनही तक्रारीचा एक शब्द काढला नाही, म्हणून मीही विषय काढला नाही.

परवा दुपारी येथे पोचल्यावर तू तुझ्या तंबूत गेलीस. मी पिशवीतून तांब्या-पेला काढला, फळ्यांच्या जमिनीवर रीतसर मांडला आणि आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच पेला खणकन पडला. मी अनवाणी बाहेर धावलो आणि वाळूत जाऊन उभा राहिलो. अंगणात सुरूचा पाचोळा झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय झालं वो काका? वारा हाय, दुसरं काय नाय!" पडद्याच्या फटकाऱ्याने पेला ओट्यावरून घरंगळत वाळूत येऊन पडला होता. मी मागे वळून पाहिले. तंबूचे कापड वाऱ्याने फुगत होते, पुन्हा खाली बसत होते.

आणि मला आमचे पहिले घर आठवले. लग्नाला पुरते वर्षही झाले नव्हते. गावातली माती-दगडांची घरे बसली होती, कितीतरी ओळखीची माणसे गेली होती, आणि आम्ही दोघे शेतात एका ताडपत्रीखाली राहत होतो. मी रात्ररात्र जागा असे. तुझी आई मात्र गाढ झोपे. एकदा न राहवून तिला विचारले, तर म्हणाली, "हितं अंगावर पडून पडून काय पडंल? फडकंच की!" ताडपत्रीखाली तिने पेला कधीच ठेवला नाही. ती सवय पुढे पक्क्या छताखाली लागली. इतकी वर्षे ही गोष्ट माझ्या ध्यानात कशी आली नाही, कोण जाणे.

मी तेथेच वाळूत उभा राहून मोठ्याने हसलो. झाडणाऱ्या बाईंनी काय समज करून घेतला असेल तो असो. आत येऊन निजलो तो संध्याकाळपर्यंत. तू चहा घेऊन आलीस आणि आधी माझ्या नाकाशी हात धरून पाहिलास. मी जागा होतो, हर्षाली. तेव्हाच मला उमगले की आईच्या जागी उशाशी मी पेला ठेवला नव्हता, तुला ठेवले होते.

म्हणून हे पत्र. मी काल कृष्णरावांशी बोललो आहे. ते आज दुपारी तुला न्यायला चिपळूणला येत आहेत. तू येथूनच नाशिकला, आपल्या घरी जा. मी एसटीने उमरग्याला जाईन. स्टँडवर मामा येणार आहे. मला निजायला घराच्या गच्चीवर पाल ठोकून देण्याचे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे, तो आयुष्यभर हसला तरी चालेल. तांब्या मी नेत आहे. वाळूतून उचललेला पेला तुझ्या पिशवीत ठेवला आहे. त्यातून पाणी पी, चहा पी. फक्त रात्री कशावर ठेवू नकोस.

तुझेच,
अण्णा