तुझ्या पुस्तकातला बाप

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आधीपासूनच कुरकुऱ्या. लॅब चालू आहे. या आठवड्यात चार कवळ्या झाल्या. त्यातली एक परत आली, कारण गिऱ्हाईक आजोबांचं म्हणणं, "यात मी घोड्यासारखा दिसतो." आजोबा दिसतातच तसे, त्याला कवळी काय करणार? असो. तूही बरी असशील. अडीच वर्षांत एक ओळ नाही, त्यामुळे बरी आहेस असंच धरून चालावं लागतं.

तुझं पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती, नुसतं तू लिहिलेलं पुस्तक. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी दुसरं सांगतो. मी सध्या वाचन करतो. हसू नकोस. पार्सल आल्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो आणि ग्रंथपालबाईंना म्हटलं, "तरुण पोरंपोरी हल्ली ती भुतापिशाच्चांची मालिका वाचतात ना, ती द्या." बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नातीसाठी का, काका?" म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांनी पहिला भाग पुढे सरकवला आणि धमकी दिल्यासारखं सांगितलं, "पाच आहेत हं."

पाचही वाचले. मग दुसरी मालिका घेतली, तिचे तीन. दीड महिना त्यात घालवला, आणि माझं स्पष्ट मत असं, की यातलं एकही पुस्तक छापण्याआधी कुणी दातांच्या डॉक्टरला दाखवलेलं नाही.

सुळ्यांचंच घे. पहिल्या मालिकेतला नायक व्हॅम्पायर. त्याचे सुळे म्हणे बोटाच्या पेराएवढे. बरं. मग हा तोंड मिटतो कसा? मी मेणात करून पाहिले. खरंच पाहिले, दुपारी काम नव्हतं. वरच्या कवळीला तेवढे सुळे लावले आणि खालच्या कवळीवर बसवली. चावच बसेना! समोर ही एवढी खिंड. हा इसम पहिल्याच घासाला स्वतःचा खालचा ओठ फाडून घेईल. आणि नायिकेच्या कानात जे काही कुजबुजतो ते सगळं बोबडं ऐकू येईल. ती मात्र ते ऐकून विरघळते. विरघळो बिचारी.

शिवाय तीनशे वर्षांचा घोडा. तीनशे वर्षांत माणूस एखादं काम शिकेल, सुतारकी शिकेल, निदान भांडी घासायला शिकेल. हा काय शिकला? खिडकीतून आत यायला. दाराला काय झालंय म्हणते मी, असं तुझी आई म्हणाली असती. आणि वर त्या सतरा वर्षांच्या पोरीला बजावतो, "माझ्यापासून लांब राहा." अरे गाढवा, तूच तिच्या खोलीत येऊन बसलायस!

दुसऱ्या मालिकेत लांडगे. माणसाचा लांडगा झाला की शर्ट फाटतो. दर चार पानांनी एक शर्ट. एवढे शर्ट आणतो कुठून, हे तीन भागांत कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. नायिका दोन्हीकडे तीच. "मी अगदी साधी मुलगी आहे," असं दर प्रकरणात सांगणार, आणि मागे रांग लागलेली.

आणि पाच भाग कशाला लागतात? तो तिला एकदा खोटं सांगतो, तिच्याच भल्यासाठी म्हणे, आणि ती निघून जाते. समोरासमोर बसून दहा मिनिटं बोलले असते तर पहिल्याच भागात आटोपलं असतं. पण नाही. हा इकडे कुढणार, ती तिकडे कुढणार, आणि वाचणाऱ्यानं चारशे पानं दोघांचं कुढणं ऐकायचं. काय माणसं आहेत ही?

हे वरचं लिहून मी उठलो आणि चहा करून आणला. आता तुझ्या पुस्तकाबद्दल लिहितो.

खरं सांगायचं तर तुझं पुस्तक मी सगळ्यात आधी वाचलं. पार्सल आलं त्याच दिवशी, लॅब बंद ठेवून. बाकीची आठ वाचली ती एवढंच बघायला, की असल्या पुस्तकांत बाप असाच रंगवायची पद्धत आहे का. पद्धत असती तर बरं वाटलं असतं. पण तसं नाही. त्या आठांतले बाप नुसते बिनकामाचे आहेत. एक पहिल्याच पानावर मेलेला, एक सदा कामावर, आणि एकाची पोरगी आठवडाभर गायब होऊन परत येते तर हा शहाणा विचारतो, "जेवलीस का?" तुझा बाप तसा नाही. तुझा बाप दुष्ट आहे.

भाषा बरी आहे तुझी. विशेषणं निम्मी कर. चंद्र अकरा वेळा उगवतो, त्यातले आठ काढलेस तरी कुणाचं अडणार नाही. आणि नवव्या प्रकरणात कवळ्या करणारा तो बाप मेलेल्या आईच्या दातांचा प्लास्टरचा ठसा पोरीच्या देखत हातोडीनं फोडतो, आणि एका घावात त्याचा भुगा होतो. तसा होत नाही. प्लास्टर तडकतं, त्याचे तुकडे पडतात. लहानपणी लॅबमध्ये तुकड्यांशी खेळली आहेस तू, एवढं तरी नीट लिहायचं होतंस.

तोवर पोरीशी बोलणाऱ्या आईच्या भुताची त्या प्रकरणानंतर वाचा जाते. पुढची दोनशे पानं ती बाई पोरीभोवती मुकी फिरत राहते. शेवटी छापलंय, "भाग पहिला समाप्त." पुस्तक मिटलं आणि मी रडलो. तिथेच, कामाच्या स्टुलावर बसून, मोठ्यानं.

तुझी आई जिन्यावरून पडली होती, तेव्हा पुढचे दोन दात तुटले. नवे मीच केले. दोन दातांमध्ये तिची फट होती, मी ती बुजवून दात केले, छान दिसावेत म्हणून. तर म्हणाली, "माझी फट मला परत द्या. नाहीतर मी हसायचीच नाही." पुन्हा केले, फटीसकट. तिचा खरा ठसा त्या वेळचा, नवे दात बसल्यावर घेतलेला. ती गेली तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस.

त्यानंतर तू ती पुस्तकं वाचायला लागलीस, आणि मी रोज जेवताना टर उडवायचो. "आज कोण उठलं थडग्यातून?" तू माझ्यासमोर वाचायची बंद झालीस, आणि मला वाटलं, सुटली सवय. तेरा वर्षांची पोर मेलेली माणसं परत येतात अशी पुस्तकं का वाचते, हे समजायला मला साठी गाठावी लागली. मी मूर्ख आहे, भिंगरे.

नोकरीवर निघालीस त्या दिवशी, बॅग दारात ठेवून तू म्हणालीस, "बाबा, आईचा ठसा मला दे ना." आणि मी म्हणालो, "कधीच फोडून टाकला. मेलेल्या माणसांचे ठसे लॅबमध्ये ठेवत नाहीत. तीही काही परत येत नाही, तेव्हा ती पुस्तकं वाचणं सोड आता."

मी तो फोडला नव्हता. हातोडीनं नाही, कशानंच नाही. तो आहे.

मला तो द्यायचा नव्हता, आणि का द्यायचा नव्हता हे सांगायची लाज वाटत होती. रोज सकाळी लॅब उघडली की मी तो खणातून काढून टेबलावर ठेवतो आणि तिच्याशी बोलतो. हो, मी! भुतांना हसणारा. काय आलंय, काय द्यायचंय, कोण पैसे न देता गेला, सगळं सांगतो. तुझं पुस्तक आलं तेही तिलाच आधी सांगितलं. नववं प्रकरण मात्र वाचून दाखवलं नाही.

आणि सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? ठशावरून दुसरा ठसा काढायला मला अर्धा तास लागतो. रोजचं काम आहे ते. तुझी गाडी सुटायला दोन तास होते. "थांब, एक काढून देतो," एवढंच म्हणायचं होतं. सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण तू विचारलं असतंस, "म्हणजे तुलाही हवाय, बाबा?" त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. ते टाळायला मी तुला घालवून दिलं.

परवा दुसरा काढला. फट बरोबर उतरली आहे.

मूळ ठसा तुला पाठवतोय, सोबतच्या खोक्यात. टॉवेलात गुंडाळलाय, टॉवेल तिचाच आहे. नक्कल मी ठेवून घेतली. दोन दिवस तिच्याशी बोलून पाहिलं, अजून नीट जमत नाही. जमेल.

दुसऱ्या भागात त्या बाईला बोलू दे. ती मुकी राहणारी नव्हती, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. बापाचं काय करायचं ते तू ठरव. मी त्यात एक शब्द बोलणार नाही.

तिचा नवरा, आणि तू म्हणशील तर तुझा,
बाबा