दिनूनं बेल उचलला

१९ जानेवारी १९६४, चिखली

संध्याकाळी गावाहून परतले. चहा केला, प्याले नाही.

दिनूनं महादेवासमोर बेल उचलला आणि माझ्यादेखत खोटं बोलला. माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मी वाढवलेला, इथं माझ्याजवळ राहून मॅट्रिक झालेला.

शेजारच्या काशीकाकूच्या पाण्याचा प्रश्न. आमच्या विहिरीवर तिची दिवसाआड पाळी. दिनूनं इंजिन बसवलं आणि पाळी बंद केली. पंच म्हणाले, कागद नाही, तेव्हा बेल उचलून शपथ घ्या. त्यानं उचलला. "पाणी बाबांनी मेहेरबानीनं दिलं होतं. शब्द नव्हता दिला."

हात जरासुद्धा हलला नाही.

मी बायकांत बसले होते. बोलले नाही.

२१ जाने.

शाळेत लक्ष नाही. मुलींना कालचाच उतारा पुन्हा घातला. मासिकाला कबूल केलेली गोष्ट अर्ध्यावर.

लिहून ठेवते, नाहीतर मीही विसरल्यासारखं करीन. विहीर खणताना काशीकाकू आणि काका दोन उन्हाळे बाबांबरोबर राबले. मजुरी घेतली नाही. पाणी लागलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "विहीर आहे तोवर दिवसाआड पाणी तुमचं." मी बारा वर्षांची, भाकरी घेऊन गेलेली. शेवटच्या दुखण्यात बाबांनी तेच दिनूला बजावलं. मी पाय चेपत होते. दिनू "हो बाबा" म्हणाला होता.

मग मी गप्प का बसले? भाऊ म्हणून, हे अर्धंच खरं. मला वाटलं होतं, ऐन वेळी त्याला जमणार नाही. देवाच्या भीतीनं नव्हे. माझ्यामुळे.

२६ जाने.

झेंडावंदन आटोपून दुपारच्या एसटीनं गावी. दिनू विहिरीवर, हात तेलानं काळे. "ये बाई."

"काऊन केलं रे असं?" गावी गेलं की माझ्याही तोंडी तीच बोली येते.

"बेलाचं पान होतं ते. तूच त शिकवलं. नापास हुईन म्हून मी नवस बोललो, त तू माह्या हातातला नारळ घेतला अन् त्याची चटणी केली."

"खोटं बोलायले नव्हतं शिकवलं."

"अन् खरं काऊन बोलायचं, हे तरी कुठं शिकवलं?"

टोमणा नव्हता. इंजिनाचा पट्टा चढवता चढवता सहज विचारलं.

घरात त्याची बायको शांता. त्याच्या नकळत सोमवार धरलेत. चुलीकडे बघत म्हणाली, "बाई, लेकरायवर त नाही येनार ना?" नाही येणार, म्हटलं. तेवढं मला ठाम सांगता आलं. तिला ते पटलं नाही.

२ फेब्रु.

काशीकाकूकडे. वाटलं, शिव्या देईल. तिनं बसायला पाट दिला. दारापुढचे कांद्याचे वाफे पिवळे.

"माहीच चूक झाली व सुमन. इतके वर्सं मले वाटे, तुह्या बाबानं शब्द देला. नसन देला. महादेवापुढं कोनी खोटं बोलन काय?"

खोटा दावा केला म्हणून प्रायश्चित्त घेतलंय. वर्षभर अनवाणी. चपला खुंटीला. दिनूची माफी मागून आली. "चांगला हाये तुहा भाऊ. म्हने, जाऊ द्या काकू."

जाऊ द्या काकू!

मग म्हणाली, "पन एक समजत नाही. पानी लागलं त्या दिवशी तुहे काका चिखलात बसून रडले होते. मंग ते काऊन रडले असन?"

मला राहवलं नाही. "काकू, मी होते तिथं. बाबांनी शब्द दिला होता. मी ऐकला."

तिनं खुंटीवरच्या चपलांकडे पाहिलं. मग हळूच, "उचलशीन काय बेल?"

हो म्हटलं.

४ फेब्रु.

पंचांतले नाना बाजाराच्या कामानं चिखलीत आले, ते शाळेत आले. बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर.

"पोरी, काशीनं सांगतलं मले. तुह्यं खरंच असन. मले दिनूच्या तोंडावरून समजलं होतं."

"मग बोलले काऊन नाही?"

"बेल उचलल्यावर कोन बोलते? अन् आता तू बी उचलला, त एका जागी दोन बेल झाले. उद्या त्या पानाले कोन भिईन? बांध असो का बैल असो, सारं कोर्टात. वकील लावायले काशीपाशी काय हाये?"

"आणि त्या पानानं आत्ता काशीकाकूला काय दिलं, नाना?"

त्यांनी टोपी घातली. दारापर्यंत जाऊन म्हणाले, "रविवारी बसवतो पंच. ये."

म्हातारा चुकीचं बोलला असं मला म्हणता येत नाही. दिवसभर प्रयत्न केला.

७ फेब्रु.

दिनूचं कार्ड. "तू बेल उचललास तर मी अडवणार नाही. पण त्यानंतर या घरी येऊ नकोस."

अक्षर अगदी माझ्या वळणाचं. पाटीवर मीच हात धरून गिरवून घेतलेलं. हे गेल्यापासून माझं म्हणावं असं माणूस तोच.

शांतानं खाली बारीक अक्षरात एक ओळ घातलीय, त्याला न विचारता. "बाई, तुमी खरं बोला पन बेल नका उचलू." बेलाशिवाय माझं खरं तिथं कोण ऐकणार...

९ फेब्रु., सकाळ, एसटी स्टँड

दिनूला त्या पानात काही दिसलं नव्हतं. मलाही दिसत नाही. दोघं तेच पान हातात घेऊन एकमेकांच्या उलट सांगणार. समोर बसलेल्यांनी आमच्यातला फरक कशावरून ओळखायचा?

काल काकूचा निरोप आला. बेल उपाशीपोटी उचलतात, काही खाऊन येऊ नको. दिनू त्या दिवशी जेवून गेला होता. मीच त्याला वाढलं होतं.

मी उठल्यापासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. शेजारच्या बाईनं बोरं पुढे केली, तर हात आपोआप मागे गेला.

गाडी लागली.